प्रकाशाची कातर

ज्या घरांतील मुलगा अथवा मुलगी सध्यां उपयोजित कलेचें किंवा डिझाइनचें शिक्षण घेत आहे, त्या घरांतील वडील मंडळींस "यंदाचें छपाईचें काम लेसरवर कापून घ्यावयाचें आहे, त्याला इतके पैसे लागतील" हें वाक्य केव्हां ना केव्हां ऐकावें लागतेंच. वडील मंडळी पैसे देतात. पण हा लेसर कागद कसा कापतो, आणि घरांत कात्री व चाकू असतांना त्यासाठीं पैसे कां मोजावयाचे, हे प्रश्न मनांतच राहतात. मुलीस विचारावें, तर ती यंत्राचें नांव सांगून मोकळी होते. छपाई शिकणाऱ्या विद्यार्थ्यास या यंत्रापाशीं उभें राहून नेमकें काय शिकावें लागतें, तें आज सांगावयाचें आहे. तें समजलें म्हणजे पैसे कारणीं लागले कीं धुरांत गेले, हें घरच्या माणसांसही ठरवितां येईल.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. कचेऱ्यांतून जो लेसर प्रिंटर असतो, त्यांतही लेसरच असतो. परंतु तो कागदास शिवतही नाहीं. गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्यानें झेरॉक्स कंपनींत असतांना ज्या यंत्राची कल्पना प्रत्यक्षांत आणली, त्यांत एक क्षीण किरण विद्युत्भारित नळकांड्यावर अक्षरांची आकृति आंखतो, त्या आकृतीवर शाईची पूड चिकटते, आणि ती कागदावर उतरून उष्णतेनें पक्की होते. तेथें लेसर हा बोरू आहे. आपण ज्याविषयीं बोलत आहों, तो लेसर म्हणजे कातर.

लहानपणीं भिंगानें उन्हाचा कवडसा एकवटून वाळलें पान जाळण्याचा उद्योग आपणांपैकीं बहुतेकांनीं केला असेल. येथेंही तत्त्व तेंच. फरक आहे तो प्रकाशाच्या जातींत. सूर्यप्रकाशांत नाना रंगांच्या लहरी नाना दिशांनीं धांवत असतात. शाळा सुटल्यावर फाटकांतून मुलें बाहेर पडावींत, तशा. लेसरमधील लहरी एकाच लांबीच्या आणि पावलाशीं पाऊल जुळवून चालणाऱ्या. कवाईतीच्या तासाला तींच मुलें चालावींत, तशा. म्हणून भिंगाखालीं त्या अतिशय लहान बिंदूंत एकवटतां येतात. पदार्थापासून असा शिस्तीचा प्रकाश मिळूं शकेल, या कल्पनेचा पाया आइन्स्टाइननें १९१७ सालीं घातला. प्रत्यक्ष लेसर १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मैमन यानें माणकाच्या कांडीपासून चालवून दाखविला.

कागद कापणारा लेसर मात्र माणकाचा नव्हे. तो कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा, आणि त्याचा जनक आपल्या मातींतला आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला, अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं पुण्यास १९५८ सालीं घेतली, आणि पुढें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं त्यांनीं हा लेसर सिद्ध केला. बारामतीचें नांव आपण इतर कारणांनीं रोज ऐकतों; या कारणानें फारसें ऐकत नाहीं. यंत्राच्या नळींत कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम यांचें मिश्रण असतें. विजेनें नायट्रोजनचे रेणु चेततात, ते आपली शक्ति कार्बन डाय-ऑक्साइडला देतात, आणि तो ती प्रकाशरूपानें बाहेर टाकतो. हेलियमचें काम मिश्रण निवविण्याचें. बाहेर पडणारी लहर १०.६ मायक्रोमीटर लांबीची असते. दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या ती पंधरापट लांब, म्हणून डोळ्यांस अदृश्य. कागद, लांकूड, कातडें, रबर हे पदार्थ ती चटकन् शोषून घेतात. साधी कांचही ती शोषते. म्हणून या यंत्रांतील भिंग कांचेचें नसून बहुधा झिंक सेलेनाइडचें असतें.

शाळा-महाविद्यालयांतील यंत्र म्हणजे झांकणाची एक मोठी पेटीच. नळीची शक्ति साधारण ४० ते १०० वॅट. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच. पण दिव्याची शक्ति खोलीभर पसरते, आणि येथें ती दशांश ते दोन दशांश मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यांत येते. आरशांवरून वळत वळत किरण भिंगापर्यंत पोंचतो, आणि भिंगाचें डोकें उभें-आडवें सरकत चित्रांतील रेषेवरून फिरतें. ठिपका जेथें पडतो, तेथील कागदाची क्षणार्धांत वाफ होते. ज्योत दिसतां कामा नये. ज्योत दिसली, म्हणजे कापणें थांबून जळणें सुरू झालें असें समजावें.

छपाईच्या धंद्यांत हा किरण प्रथम शिरला तो कागद कापावयास नव्हे, तर लांकूड कापावयास. औषधाचें किंवा दंतमंजनाचें खोकें उलगडून पहावें. तो एकाच पुठ्ठ्याचा, खांचा व घड्या पाडलेला तुकडा असतो. असा आकार हजारोंनीं पाडण्यासाठीं जाड प्लायवुडच्या फळींत खांचा कोरून त्यांत पोलादी पातीं ठोकतात. यालाच धंद्यांत डाय म्हणतात. पूर्वीं या खांचा करवतीनें कोरीत, आणि कोरणाऱ्याचा हात जितका सरळ, तितकें खोकें सरळ. फळी लेसरवर कापली जाऊं लागली तेव्हां हें काम सोपें व नेमकें झालें. आजही वीस हजार खोकीं हवीं असतील तर डायच करावा; एकदां केला कीं तो भराभर छाप मारतो. परंतु विद्यार्थिनीस हव्या असतात वीस प्रती. वीस प्रतींसाठीं डाय करणें म्हणजे दोन पाहुण्यांसाठीं मांडव घालणें. तेथें कागदावर थेट किरण चालवणेंच परवडतें.

आतां विद्यार्थिनीकडे वळूं. तिनें आजवर जें शिकलें त्यांत कागद ही केवळ बैठक होती. त्यावर शाई चढवावयाची. काळें-तांबडें जें दिसावयाचें तें शाईनें. या यंत्रापाशीं तिला उलटा विचार करावा लागतो. येथें कांहीं चढवावयाचें नाहीं, काढावयाचें आहे. आणि जो कागद उरेल, त्यानें स्वतःचा भार स्वतः पेलला पाहिजे. शाईचें अक्षर कितीही नाजूक असलें तरी पानावरून पडत नाहीं. कापलेलें अक्षर पडतें. या एका गोष्टींतून पुढचे सारे धडे निघतात, आणि देवनागरींत ते रोमन लिपीहून निराळे निघतात. इंग्रजी पुस्तकांवरून वा चित्रफितींवरून शिकणाऱ्या मुलांस ते कोणी सांगत नाहीं.

उदाहरणार्थ "वसंत" हा शब्द घ्या. तो शब्द कागदांतून कापून वेगळा काढावयाचा आहे. रोमन लिपींत असा शब्द कापला तर सुटीं अक्षरें हातांत येतात, आणि तीं एकेक करून चिकटवीत बसावें लागतें. देवनागरींत शिरोरेषा आहे. दोरीवर कपडे वाळत घालावे, तशीं तिन्ही अक्षरें तिच्यावर टांगलेलीं, आणि शब्द अखंड एका तुकड्यांत निघतो. ही आपल्या लिपीची मोठीच सोय आहे. पण अनुस्वाराचें टिंब शिरोरेषेला शिवत नाहीं. तें यंत्राच्या जाळींतून खालीं पडतें, आणि हातांत "वसत" उरतो.

आतां तोच शब्द उलट रीतीनें, म्हणजे कागदांत भोंक पाडून, रांगोळीच्या छापासारखा करावा. येथें टिंबाची कांहींच अडचण नाहीं; गोल भोंक पडतें. अडचण येते ती "व"च्या पोटाची. पोटांतील कागदाला चहूंकडून काप बसला, कीं तो बेटासारखा सुटतो आणि गळून पडतो. "प", "म", "ब", "ष" यांचीही हीच गत. शिवाय जी शिरोरेषा मघां तारक होती, तीच आतां कागदांत एक लांबलचक चीर होऊन बसते, आणि तिच्याखालचा भाग लोंबूं लागतो. उपाय एकच: बेटाला काठाशीं जोडणारे अरुंद पूल ठेवावयाचे, व लांब शिरोरेषा मधून मधून तोडावयाची. पूल कोठें ठेवला म्हणजे अक्षर वाचतां येतें आणि कोठें ठेवला म्हणजे "व"चा "न" वाटूं लागतो, हें ठरविण्यास लिपीची जाण लागते. यंत्र तें ठरवीत नाहीं.

पहिल्या रीतींतील टिंबासाठीं चतुर मुली तें थोडें खालीं ओढून शिरोरेषेला चिकटवितात, किंवा वेलीच्या देंठासारखा बारीक दुवा काढतात. लग्नपत्रिकेवरील "चि. सौ. कां." ही मात्र खरी कसोटी. तीन पूर्णविराम आणि एक अनुस्वार, आणि चारांपैकीं एकही कशाला धरलेला नाहीं! १९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, हें या यंत्राच्या दृष्टीनें बरेंच झालें. माझ्यासारख्या जुन्या वळणानें लिहिणाऱ्याचें एक पान कापावयास दिलें, तर टिंबांचा सडाच पडेल.

शिरोरेषेची आणखी एक गंमत आहे, आणि तींत पुष्कळांचें काम बिघडतें. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवीत, तेव्हां प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा तेवढाच तुकडा असे. खिळ्याला खिळा भिडला कीं छापांत रेघ सलग दिसे. १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांची कीर्ति झाली ती खिळ्यांच्या अशा सुबक घडणीमुळेंच. आजच्या संगणकावरील अक्षरेंही याच मार्गानें चालतात. दोन अक्षरांच्या मध्यें फट दिसूं नये म्हणून प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्यावर किंचित् चढलेली असते. पडद्यावर किंवा छापांत तें दिसत नाहीं. परंतु लेसरला शब्द दिसत नाहीं, कडा दिसतात. तो प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्रपणें कापतो. चढलेल्या जागीं शिरोरेषा तुटते, आणि जो शब्द अखंड यावयाचा तो अक्षर अक्षर होऊन खालीं पडतो. म्हणून कापावयास देण्यापूर्वीं शब्दाच्या साऱ्या आकृति संगणकावर एकजीव कराव्या लागतात. हें दोन मिनिटांचें काम आहे. तें राहिलें तर महाग कागदाची अख्खी गड्डी वायां जाते.

रेषेची जाडी हीही तशीच फसवी गोष्ट. चित्रांतील कापावयाच्या रेषेला जाडी नसते, पण किरणाला असते. समजा, तांबड्या कागदांतून एक अक्षर कापून तें पांढऱ्या कागदांतील तशाच भोंकांत बसवावयाचें आहे. दोन्हींना एकच चित्र दिलें, आणि किरणाची रुंदी दोन दशांश मिलिमीटर असली, तर अक्षराची प्रत्येक कड एक दशांशानें आंत जाते, भोंकाची प्रत्येक कड एक दशांशानें बाहेर जाते, आणि सभोंवार दोन दशांशांची फट राहते. ती डोळ्यांस चांगली दिसते. म्हणून अक्षर तितकें वाढवून काढावें लागतें. मराठी शाळांत भूमिति कशासाठीं शिकवतात, असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

कापण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. आंतील नक्षी आधीं व बाहेरील कड शेवटीं कापावी. बाहेरची कड आधीं सुटली तर तुकडा वाऱ्यानें हलतो आणि नक्षी वांकडी पडते. चित्रांत एकावर एक दोन रेषा राहून गेल्या असतील तर किरण त्याच वाटेनें दोनदां जातो आणि कड कोळसा होते. पैशाच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट. या यंत्राचा आकार बहुतेक ठिकाणीं मिनिटांवर असतो. रेषा कापणें झटपट होतें. पण पृष्ठभाग कोरून गडद करावयाचा असेल तर डोकें शेतांतील नांगराप्रमाणें तास घालीत पुढें-मागें फिरत राहतें, आणि मिनिटें वाढत जातात. मुलीचें बिल मोठें आलें तर तिनें कापलें किती आणि कोरलें किती, हें विचारावें.

आतां कागद. कागदाला लांकडाप्रमाणें तंतूंची दिशा असते. यंत्रावर कागद तयार होतांना बहुतेक तंतु एका अंगास लवतात. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेनें सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेनें वेडावांकडा, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. तंतूंच्या दिशेनें ठेवलेला अरुंद पूल टिकतो. आडवा ठेवलेला लवकर तुटतो. दुसरें असें कीं ओलाव्यानें तंतु लांबीपेक्षां जाडींत फुगतात, म्हणून कागद आडव्या दिशेनें अधिक वाढतो. मुंबईच्या जुलै महिन्यांत सोमवारीं छापलेला ताव शुक्रवारीं तसाच राहील, अशी खात्री छापखानेवाले देत नाहींत. छापलेल्या फुलाच्या कडेनें लेसरचा काप जावयाचा असेल तर हा केंसभर फरक फुलाच्या पाकळीवर येतो. म्हणून तावाच्या कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा छापतात, यंत्राचा आरंभबिंदु त्यांवरून ठरवितात, आणि ताव आदल्या दिवशींच यंत्राच्या खोलींत आणून ठेवतात.

कापलेली कड थोडी तपकिरी होते. पांढऱ्या कागदावर ती फार दिसते, रंगीत कागदावर कमी. गति वाढवून शक्ति कमी केल्यास डाग कमी पडतो, आणि हवेचा झोत धूर उडवून लावतो; तरी डाग मुळींच नाहीं असें होत नाहीं. ज्याला निष्कलंक पांढरी कड हवी, त्यानें धारदार चाकू घ्यावा. सराईत हाताचा काप आजही लेसरहून स्वच्छ असतो. लेसरचा गुण निराळा आहे: तो विसावी प्रत पहिलीसारखीच कापतो, आणि ज्या नक्षीला हातानें चार दिवस लागते ती थोड्या वेळांत देतो. या गुणाचाच कधीं कधीं अवगुण होतो. गिरगांवांतील खाडिलकर रस्त्यावर लग्नपत्रिकांच्या दुकानांतून फिरून यावें. इतकी जाळी, इतके मोर, इतकीं कमळें कीं वधूवरांचीं नांवें हुडकून काढावीं लागतात. यंत्राला थकवा येत नाहीं, म्हणून कोठें थांबावें हें माणसानें शिकणें अधिक अगत्याचें.

धोक्याची गोष्ट मी आतांपर्यंत मागें ठेवली. ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. पुस्तकबांधणीला लागणारें रेक्झिन, चिकटपट्ट्यांचें व्हायनिल, आणि बाजारांत लिनोलियम म्हणून मिळणारीं कांहीं फरशीचीं आवरणें यांत पी. व्ही. सी. असूं शकतें. पी. व्ही. सी.मध्यें क्लोरिन आहे. किरणाखालीं त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा वायु निघतो. ओलाव्याशीं त्याची गांठ पडली कीं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतें. तें फुप्फुसांस जाळतें, आणि यंत्राच्या आरशांस व लोखंडास गंजवितें. छपाई शिकणाऱ्या मुलींच्या पिशवींत हे पदार्थ हमखास असतात, म्हणून ही सूचना त्यांनाच सर्वांआधीं हवी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊं नये. तांब्याची तार ज्योतींत लाल करून पदार्थाला टेंकवावी व पुन्हां ज्योतींत धरावी. ज्योत हिरवी झाली तर पदार्थांत बहुधा क्लोरिन आहे, आणि तो यंत्रांत घालूं नये. ही परीक्षाही शिक्षकांच्या देखरेखीखालीं व मोकळ्या हवेंत करावी.

दुसरा धोका आगीचा. कागद हें सरपणच आहे. यंत्र चालूं असतांना चहास जाणें, ही या विद्येंतील सर्वांत वाईट संवय. तिसरा डोळ्यांचा. झांकण पारदर्शक दिसलें तरी या लहरीला तें अपारदर्शक असतें, आणि तें उचलतांच किरण थांबावा अशी कळ बसविलेली असते. काम लवकर व्हावें म्हणून ती कळ बांधून ठेवणारे कारखानदार असतात. जेथें असें दिसेल तेथें मुलीस पाठवूं नये. धूर बाहेर नेणारा पंखा चालतो कीं नाहीं, हेंही पालकांनीं एकदां जाऊन पहावें. त्यांत संकोच कसला?

हें शिक्षण शहरांतच मिळतें, असें मात्र नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेच्या एम. आय. टी. या संस्थेबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांपैकीं एक २००२ सालीं त्याच गांवीं सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे लेसर कटर आणि तत्सम यंत्रें शिकणाऱ्यांस स्वतः चालवूं देणारी कार्यशाळा.

शेवटीं एक उपयोग सांगावयाचा राहिला, आणि तो मला स्वतःला सर्वांत आवडतो. लेसरनें कागद न कापतां लांकडाचा ठोकळा कोरावयाचा, आणि त्या ठोकळ्यानें शाई लावून छापावयाचें. अक्षरें आरशांतल्यासारखीं उलटीं कोरावयाचीं, आणि जें छापावयाचें तें उंच ठेवून भोंवतालचें लांकूड खणून काढावयाचें. असा ठोकळा जुन्या ट्रेडल यंत्रावर शिशाच्या खिळ्यांच्या शेजारीं बसवितां येतो. मात्र त्याची उंची खिळ्याइतकीच, म्हणजे सुमारें २३.३ मिलिमीटर पाहिजे. लेसरवाल्याची फळी बहुधा १८ मिलिमीटरची असते. तेव्हां तिच्याखालीं पुठ्ठा घालावयाचा, मग कागदाचा एकेक कपटा चिकटवीत, छाप काढून पहात, छाप सगळीकडे सारखा उठेपर्यंत उंची भरीत जावयाची. हें काम जुने मुद्रक करीत असत तसेंच, आणि तितक्याच सावकाशीनें करावें लागतें.